साठवण माध्यमांचे घोषित आयुर्मान

हार्ड डिस्क, एसएसडी (फिरते भाग नसलेले, चिपवर माहिती ठेवणारे साधन), ऑप्टिकल डिस्क, चुंबकीय फीत इत्यादी किती काळ टिकतील याबद्दल उत्पादकांनी जाहीर केलेला अंदाज. तो बहुधा अल्पकाळ घेतलेल्या चाचण्यांवरून गणिताने काढलेला असतो.

हार्ड डिस्कसाठी 'एमटीबीएफ', म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ, दिला जातो. १०,००,००० तास हा नेहमीचा आकडा ११४ वर्षांइतका होतो. पण एखादी डिस्क तेवढी चालेल असा त्याचा अर्थ मुळीच नाही. हजार डिस्क वर्षभर अखंड चालवल्या तर आठ-नऊ बिघडतील, एवढेच तो सांगतो, आणि तेही साधारण पाच वर्षांच्या सेवाकाळापुरते. प्रत्यक्षात तेही जुळत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातील बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे १,००,००० डिस्कच्या नोंदी तपासल्या. माहितीपत्रकांनुसार वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क बिघडायला हव्या होत्या. बदलाव्या लागल्या त्या सर्रास २ ते ४ टक्के, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. परत आलेल्या बऱ्याच डिस्क चाचणीत निर्दोष ठरतात, असे उत्पादक म्हणतात. पण ज्याला डिस्क काढून टाकावी लागली, त्याच्या लेखी ती बिघडलेलीच. त्याच वर्षी गूगलच्या अभ्यासात दिसले की निकामी झालेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी 'स्मार्ट' या स्वयंतपासणीच्या चार प्रमुख निकषांवर आधी कोणतीच सूचना दिली नव्हती.

लिहिता येणाऱ्या सीडी-डीव्हीडींचे शंभर वर्षांचे आणि एम-डिस्कचे (दीर्घकाळ टिकावी म्हणून बनवलेल्या खास ऑप्टिकल डिस्कचे) हजार वर्षांचे दावे प्रवेगित जीर्णन चाचण्यांवर उभे आहेत. डिस्क उच्च तापमानात आणि दमट हवेत ठेवून खराब होण्याचा वेग मोजतात व त्यावरून सामान्य परिस्थितीतले आयुष्य काढतात. आयएसओ/आयईसी १०९९५ या मानकात ही परिस्थिती २५ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता अशी धरली आहे. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या कपाटात ठेवलेल्या डिस्कला हे आयुष्य लागू करता येणार नाही.

एसएसडीची गोष्ट वेगळी आहे. जेडेक या इलेक्ट्रॉनिक उद्योगासाठी मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार लेखनक्षमता (एकूण जेवढे लिहिता येते ती मर्यादा) पूर्ण वापरलेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंशांवर एक वर्ष माहिती राखली म्हणजे पुरे. हमीपत्रातल्या वर्षांचा याच्याशी संबंध नाही; हमी उपकरण बदलून देते, आतली माहिती नव्हे.

एलटीओ या प्रकारच्या चुंबकीय फितींना ३० वर्षांचे आयुष्य सांगतात. मात्र २००० साली आलेली पहिल्या पिढीची फीत तिसऱ्या पिढीपर्यंतचेच यंत्र वाचू शकते.