बर्फातला दुष्काळ

लॅव्हेंडरच्या बियांच्या पाकिटावर दोन गोष्टी हमखास छापलेल्या असतात: भरपूर ऊन, कमी पाणी. नागपूरकराला आणखी काय हवं? २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर नेणारं गाव आहे हे. ऊन मोजून द्यायची गरजच नाही! हौसेने बी पेरलं जातं, नशिबाने रोपही येतं आणि ऐन पावसाळ्यात काळं पडून बसतं. मग दोष उन्हाला, नाहीतर नर्सरीवाल्याला.

मुळात 'कमी पाणी' हा शिक्का थंड मुलखातल्या बागांसाठीचा आहे. अमेरिकेतलं डेन्व्हर घ्या. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला जेमतेम ३५० ते ४०० मिलिमीटर (आपल्याकडे हजाराच्या वर), दिवसा लख्ख ऊन, आणि हिवाळ्यातल्या काही रात्री पारा उणे वीसच्या खाली. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेनेच १९८१ मध्ये कमी पाण्यातल्या बागेची 'झेरिस्केप' ही कल्पना पुढे आणली. लॅव्हेंडर, येरो, सेडम, पेनस्टेमन, रशियन सेज ही तिथली बहुवर्षायू मंडळी. बरीचशी हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळतात आणि वसंतात बुडख्यातून पुन्हा फुटतात.

दुष्काळ सोसणाऱ्या झाडाला बर्फही कसा सोसतो? पेशीच्या दृष्टीने ही दोन संकटं नाहीतच, एकच आहे.

झाड गोठतं तेव्हा पेशीच्या आत बर्फ होत नाही. झाला तर पेशी मेलीच. आधी गोठतं ते पेशींमधल्या फटींतलं पाणी, कारण त्यात क्षार आणि साखर कमी. हा बर्फ मग पेशीतलं पाणी ओढू लागतो. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर सुटतं, तसं ते बाहेर येतं आणि बर्फावर चढत जातं. ओढ किती? शून्याखालच्या प्रत्येक अंशामागे सुमारे १.२ मेगापास्कल (हे दाबाचं एकक). मातीने पाणी १.५ मेगापास्कलने धरून ठेवलं की बहुतेक पिकं कायमची माना टाकतात, असं शेतकी शास्त्र धरून चालतं. म्हणजे ती हद्द उणे दोन अंशांतच ओलांडली. उणे दहाला ओढ १२ मेगापास्कल, त्या हद्दीच्या आठपट! ज्या पेशीचा रस एरवी उणे एक अंशाला गोठला असता, तिच्यातलं साधारण ९० टक्के पाणी तोवर निघून गेलेलं असतं. चहूकडे बर्फ, आणि पेशी मात्र खडखडीत कोरडी. उरलेल्या दहा टक्क्यांत साखर, प्रोलिन हे अमिनो आम्ल आणि डिहायड्रिन नावाची प्रथिनं पेशीचं आवरण फाटू न देता धरून ठेवतात. दुष्काळातही हेच सामान कामाला येतं.

याचा धागा जनुकांतही सापडला. १९९०च्या दशकात अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपट्यावर मायकेल थोमाशो मिशिगनमध्ये थंडीचा अभ्यास करत होते, आणि जपानमध्ये काझुको यामागुची-शिनोझाकी कोरडेपणाचा. दोघंही पोचले डीएनएच्या एकाच पाच अक्षरी तुकड्यापाशी: सी-सी-जी-ए-सी. गारठा पडला की या तुकड्याला सीबीएफ प्रथिनं चिकटतात (जपानी गटाने त्यांनाच डीआरईबी१ म्हटलं), पाणी तुटलं की त्यांचीच भावंडं, डीआरईबी२. प्रथिनं वेगळी, पण ती जागी करतात ती जनुकं बरीचशी सामाईक.

पण दुष्काळ सोसणारं प्रत्येक झाड बर्फही सोसेल, असा नियम लावू नका. आपली बोगनवेल मे महिना हसत काढते, पण डेन्व्हरचा एक हिवाळा तिला पुरे. पेशी कोरडी होऊच द्यायची नाही, गरज पडली तर पानं गाळायची, ही तिची रीत. बर्फापुढे ती चालत नाही.

आता तो काळा पडलेला लॅव्हेंडर. थंड देशातही या झाडांना थंडीपेक्षा हिवाळ्यातली ओल जास्त मारते, म्हणून तिथले माळी वाफे उंच करून मातीत खडी मिसळतात. आपली काळी माती पावसात फुगते, तिच्यातली हवेची भोकं बुजतात, मुळं गुदमरतात. अशात फायटोप्थोरा या मुळं कुजवणाऱ्या, बुरशीसारख्या जिवाचं फावतं. कुंडी ईशान्येला ठेवली की झाड जगतं, असं छातीठोक सांगणारे वास्तुवाले आहेत. फायटोप्थोराचे बीजाणू दोन शेपट्या हलवत ओल्या मातीतून पोहत येतात आणि मुळांतून पाझरणाऱ्या रसायनांचा माग काढतात. ईशान्य-नैर्ऋत्य त्यांना कळत नाही. वाचवायचं तर मातीत निम्मी बारीक गिट्टी घाला आणि जून ते सप्टेंबर कुंडी पत्र्याखाली ठेवा. तरीही मे महिना आहेच. खरं सांगायचं तर मी हा खटाटोप कुणालाच सुचवणार नाही.

त्यापेक्षा गलांडा लावा. नागपूरच्या फूल मार्केटात हारांसाठी ढिगाने येतो तो हाच, गॅलार्डिया पल्केला, एका हंगामाचा, मूळचा अमेरिकेच्या (यूएसए) दक्षिणेकडच्या राज्यांतला आणि मेक्सिकोकडचा. रॉकी पर्वताकडची त्याची बहीण अरिस्टाटा बहुवर्षायू आणि बर्फाला सरावलेली. दोघांच्या संकरातून झालेली ग्रँडिफ्लोरा डेन्व्हरसारख्या ठिकाणच्या बागांत उन्हाळाभर फुलते.