खळ्यावरच्या उश्रपासून रसीदबुकापर्यंत

पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, विहिरीच्या पाण्यावर काढलेल्या पिकाचा विसावा, हा उश्र, म्हणजे पिकावरची जकात (इस्लाममधलं बंधनकारक दान). तुरीची पोती खळ्यावरून गावातल्याच हकदाराच्या (जकात घ्यायला पात्र माणसाच्या) घरी गेली की देणारा, घेणारा आणि माप तिन्ही गावासमोर असतात. तिथं लबाडीला फारशी जागा नाही. रोकड जकातीचं तसं नाही. साडेबावन्न तोळे, म्हणजे 612.36 ग्रॅम चांदीच्या किमतीएवढी शिल्लक वर्षभर राहिली की तिचा चाळिसावा हिस्सा द्यायचा, आणि तो बहुधा दूरच्या मदरशाच्या सफीराच्या (जकात गोळा करत फिरणाऱ्याच्या) हाती जातो. रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे येतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे, नेमका कापूस-तुरीचा पैसा घरात असताना.

वसुलीवर नजर ठेवणं ही आजची कल्पना नाही. कुरआनातल्या सूरह तौबाच्या 60व्या आयतीतल्या आठ हकदारांत वसूल करणारा आमिलही आहे, म्हणून त्याला मेहनताना मिळतो. पण बनू सुलैम टोळीकडून परतलेला आमिल इब्नुल लुतबिय्या ‘हे तुमचं, हे मला भेट मिळालं’ म्हणाला, तेव्हा पैगंबरांनी (स.) मिंबरवरून (मस्जिदीतल्या व्यासपीठावरून) विचारलं की आईबापाच्या घरी बसला असता तर ही भेट आली असती का. टक्केवारीवर सफीर नेमण्याला अनेक उलेमांचा (धर्मपंडितांचा) विरोध आहे, कारण मजुरी आधी ठरलेली नसते. आमच्या मते व्यवहारातही ती घातकच: वसुली जितकी जास्त तितका वाटा, मग पैसा कुठे पोहोचतो याची फिकीर कोण करणार?

चोरी होते ती स्थळप्रतीत, म्हणजे पुस्तकात राहणाऱ्या भागात. देणाऱ्याच्या रसीदेवर 1,100, स्थळप्रतीवर 100. दोन्ही भाग वेगवेगळे लिहिले जातात म्हणून हे जमतं; कार्बन घालून, रक्कम अक्षरी लिहिली की जमत नाही. दुसरी युक्ती म्हणजे त्याच क्रमांकांचं दुसरं पुस्तक छापून घेणं. म्हणून पुस्तकं रमजानआधी मोजून, नोंदवहीत सही घेऊनच द्यावीत. ईदनंतर जे परत येणार नाही, त्याचे क्रमांक जुम्याला (शुक्रवारच्या नमाजाला) जाहीर करावेत.

जकात हकदाराच्या मालकीची व्हावी लागते, याला तमलीक म्हणतात. म्हणून ती मस्जिदीच्या बांधकामाला किंवा पेशइमामाच्या पगाराला चालत नाही. जकात, फितरा (रमजान ईदचं दान) आणि इमदाद (ऐच्छिक मदत) एकाच गल्ल्यात पडले की ही रेघ पुसली जाते, आणि नंतर कागदावर तमलीक दाखवली जाते. रसीदेवर तिन्हींचे रकाने वेगळे हवेत.

जमिनीतली अफरातफरही जुनीच आहे. वऱ्हाडात दर्गा-मस्जिदीच्या सेवेसाठी इनामं मिळाली, पण जिथं दप्तरात सेवेकऱ्याचंच नाव चढलं, तिथं वारसांनी ती आपली मानली. 1923च्या वक्फ (धर्मकार्यासाठी राखलेली मालमत्ता) कायद्यानं मुतवल्लीला, म्हणजे तिच्या कारभाऱ्याला, जिल्हा न्यायालयात हिशेब देणं बंधनकारक केलं. पुढे 1954 आणि 1995चे कायदे आले, 2002 साली राज्याचं वक्फ मंडळ. मंडळाच्या परवानगीशिवाय विक्री केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, ही तरतूद 2013ची. आजचा सातबारा पुरेसा नाही, जुने फेरफारही काढावे लागतात.

आता रसीदेच्या जागी क्यूआर कोड आला आहे. स्कॅन केल्यावर संस्थेऐवजी व्यक्तीचं नाव दिसलं तर पैसे पाठवू नयेत. तस्दीकनाम्याची (सफीराकडच्या प्रमाणपत्राची) खात्री त्यावरच्याच फोननंबरावर करू नये. मदरसा ज्या गावात आहे, तिथल्या मुस्लिम जमातीला विचारावं.