विस्तव मागण्यापासून काडी ओढण्यापर्यंत

'दोघा भावांत विस्तव जात नाही' असं आपण अजून सर्रास म्हणतो, पण विस्तव मुळात एका घरातून दुसऱ्या घरात जायचाच कशाला, हा प्रश्न आता कुणाला पडत नाही. एकेकाळी तो रोज जायचा. सकाळी चूल पेटवायची म्हणजे आधी राखेत हात घालून बघायचं, निखारा जिवंत असेल तर ठीक, नाहीतर शेजारी जायचं. ज्या घराशी एवढंही देणंघेणं उरलं नाही त्याच्याशी वैर म्हणजे फारच झालं, आणि हा वाक्प्रचार तिथूनच आला असणार असं मला तरी ठाम वाटतं.

हे मी माझ्या आजीकडे लहानपणी बघितलंय. घरात काडेपेटी असायची, पण काडी उगाच ओढायची नाही असा तिचा दंडक. रात्री जेवणं उरकली की ती चुलीतला जाडसा निखारा चिमट्याने बाजूला ओढायची, त्याला गोवरीचा तुकडा लावायची आणि वरून राख हाताने थापून थापून बसवायची, अगदी बाळाला पांघरूण घातल्यासारखं. पहाटे राख सारली की आत लालभडक. मूठभर पाचोळा, फुंकणीतून दोन-तीन फुंकरा, की भडका. आणि कधीतरी शेजारच्या काकू अर्धी गोवरी हातात घेऊन यायच्या, तिचं टोक चुलीत धरायच्या, धुमसायला लागलं की तशीच आडवी धरून लगबगीने घरी, बोलत थांबायच्या नाहीत कारण वाटेत विझली तर परत हेलपाटा.

यात जे घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात आणि ज्वाला म्हणून आपल्याला दिसतात ते हे वायू जळताना. ते निघून गेले की मागे उरतो कोळसा, तो पृष्ठभागावरच जळतो, ज्वाला न दाखवता. त्यावर राख घातली की हवा अगदी थोडी पोचते आणि आतली उष्णता बाहेर जात नाही, म्हणजे निखारा उपाशीही मरत नाही आणि भराभर जळूनही जात नाही. आजीला ऑक्सिजन हा शब्द माहीत नव्हता पण त्याचं माप तिच्या तळहातात होतं.

हे कौशल्य किती जुनं? १९९१ साली आल्प्सच्या बर्फात, इटली-ऑस्ट्रियाच्या सीमेवर, एका माणसाचं शव सापडलं, ओत्सी म्हणतात त्याला, साधारण ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्याजवळ भूर्ज जातीच्या झाडाच्या सालीचे दोन डबे होते, एकात मेपलची हिरवी असताना तोडलेली पानं आणि कोळशाचे बारीक तुकडे. म्हणजे निखारा ओल्या पानांत गुंडाळून डब्यात घालून हा माणूस डोंगर चढत होता, काकूंच्या गोवरीचाच प्रकार! ग्रीक पुराणकथेत प्रोमिथियस देवांची आग चोरतो ती बडीशेपेच्या जातीच्या एका उंच झुडपाच्या पोकळ दांड्यातून आणतो. वाचताना काव्य वाटतं पण त्या दांड्यातला गर खरोखरच आतल्या आत सावकाश धुमसत राहतो, वरची साल शाबूत राहते. कथा रचणाऱ्यांनी रोज बघितलेलीच वस्तू देवाच्या चोरीत घातली.

आग वापरणं आणि आग काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण शाळेत 'माणसाने अग्नीचा शोध लावला' असं एका ओळीत शिकतो तिथे हे हरवतं. दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत बऱ्याच आत जळलेली हाडं आणि वनस्पतींची राख मिळाली, ती सुमारे १० लाख वर्षांपूर्वीची. पण ती आग तिथल्या आदिमानवांनी स्वतः पेटवलेली की वणव्यातून उचलून आणलेली हे राख सांगत नाही. काढलेल्या आगीचा पुरावा म्हणजे साधन सापडायला हवं. इंग्लंडात सफोकमधल्या बार्नहॅमला ४ लाख वर्षांपूर्वीच्या एका जागी भाजलेली माती, उष्णतेने तडकलेल्या दगडी कुऱ्हाडी आणि सोबत पायराइटचे दोन लहान तुकडे मिळाले. पायराइट म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, त्यावर गारगोटी मारली की ठिणग्या पडतात, आणि त्या भागात ते सहजी मिळत नाही, म्हणजे कुणीतरी मुद्दाम आणलं होतं. वापर आणि निर्मिती यांच्यामधला हा जो लाखो वर्षांचा पट्टा आहे, त्यात आग म्हणजे फक्त जपायची गोष्ट होती, एकदा विझली की संपलं.

आपल्याकडे काढायची रीत म्हणजे अरणी. खाली एक लाकूड, वर दुसरं, आणि दोरीने रवीसारखं घुसळायचं, म्हणून तर शब्द अग्निमंथन. अश्वत्थ, म्हणजे पिंपळ, आणि तोही शमीवर उगवलेला, हे लाकूड अरणीसाठी सांगितलंय. ऋग्वेदाची पहिलीच ऋचा 'अग्निमीळे पुरोहितम्' अशी अग्नीपासून सुरू होते हे बहुतेकांना माहीत असतं, पण मला त्याहून तिसऱ्या मंडलातलं ते सूक्त जास्त आवडतं जिथे अग्नी दोन अरणींमध्ये असा ठेवलेला आहे म्हणतात, जसा गर्भिणीच्या पोटात गर्भ. ऋग्वेदात इतरत्र त्याला दोन आया आहेत, म्हणजे दोन लाकडं. दहा तरुणी त्याला जन्म देतात, म्हणजे घुसळणाऱ्या हातांची दहा बोटं. आणि हे मूल जन्मल्याबरोबर आपल्या आयांनाच खाऊन टाकतं! ज्याने स्वतः घुसळून, हात भरून येईपर्यंत वाट बघून, धूर आणि मग ठिणगी बघितलीये त्यालाच हे सुचू शकतं.

आणि महाभारतातला यक्षप्रश्न आठवा. 'कः पन्थाः', 'किमाश्चर्यम्' सगळ्यांना पाठ, पण ते प्रकरण सुरू कशाने होतं? एका ब्राह्मणाची झाडाला अडकवलेली अरणी हरणाच्या शिंगात अडकते आणि हरीण पळून जातं, तो रडत युधिष्ठिराकडे येतो की माझं अग्निहोत्र बंद पडेल, आणि पाची पांडव हरणामागे धावून दमतात, पाणी शोधतात, पुढचं आपल्याला माहीत आहे. अरणी गेली म्हणजे एवढं घाबरण्यासारखं होतं.

नंतर आली चकमक. पोलाद आणि गारगोटी, सोबत नळीत भरलेला जळका कापूस, खटखट आपटायचं आणि ठिणगी कापसावर धरायची. शब्द तुर्की आहे, तिकडे आजही सिगारेटच्या लायटरला चाकमाकच म्हणतात. मराठीत वस्तू गेली पण पेपरात रोज 'पोलीस आणि नक्षलवाद्यांत चकमक' आहेच. पोलाद आणि गारगोटी एकमेकांवर आपटली की ठिणगी उडते, तेच दोन टोळ्यांना लावलं.

एवढं सगळं होऊनसुद्धा आग म्हणजे नक्की काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्याकडे पंचमहाभूतांत, ग्रीकांकडे चार तत्त्वांत, सगळीकडे ती एक पदार्थ. अठराव्या शतकात जर्मनीतल्या श्टालने हीच कल्पना नीट बांधली, जळणाऱ्या प्रत्येक गोष्टीत फ्लॉजिस्टन नावाचं काहीतरी असतं आणि जळताना ते बाहेर पडतं. पटण्यासारखंच होतं कारण लाकूड जळलं की राख हलकी होते. अडचण एकच, धातू जाळले की वजन वाढतं, आणि काहीतरी निघून गेल्यावर वजन वाढेल कसं? १७७२ मध्ये पॅरिसला लाव्हाझिएने गंधक आणि फॉस्फरस जाळून बघितलं, तिथेही वजन वाढलेलं. त्याने हे लिहून, पाकीट बंद करून १ नोव्हेंबरला अकादमीत जमा केलं, दुसरं कुणी आधी सांगू नये म्हणून. १ ऑगस्ट १७७४ ला इंग्लंडात प्रीस्टलीने भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याची लाल भुकटी तापवली आणि निघालेल्या वायूत मेणबत्ती भसकन पेटली. स्वीडनमध्ये शीलेने तो वायू त्याच्याही आधी काढला होता पण छापून यायला १७७७ उजाडलं. प्रीस्टली शेवटपर्यंत फ्लॉजिस्टनच धरून बसला, अर्थ लावला तो लाव्हाझिएने: जळताना बाहेर काही पडत नाही, उलट हवेतला एक भाग येऊन जोडला जातो, आणि त्याला नाव दिलं ऑक्सिजन. आग पदार्थ नव्हतीच, ती घडणारी गोष्ट होती. या दोघांचं पुढे जे झालं ते वाचून मला दर वेळी वाईट वाटतं. १७९१ च्या जुलैत बर्मिंगहॅमच्या दंगलीत जमावाने प्रीस्टलीचं घर, प्रयोगशाळा, कागदपत्रं जाळून टाकली, तो फ्रेंच क्रांतीच्या बाजूचा म्हणून, आणि लाव्हाझिएला त्याच क्रांतीने ८ मे १७९४ ला गिलोटिनवर चढवलं.

घराघरातली चूल मात्र या सगळ्याने एक दिवसही लवकर पेटली नाही. त्यासाठी लागला तो फॉस्फरस, जो हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटने १६६९ मध्ये सोनं शोधताना मूत्र आटवून आटवून मिळवला होता, पण काडीवर यायला त्याला दीडशेहून जास्त वर्षं लागली. घासून पेटणारी पहिली विकली गेलेली काडी फॉस्फरसची नव्हतीच. इंग्लंडातल्या स्टॉक्टनचा औषधविक्या जॉन वॉकर, त्याच्या वहीत ७ एप्रिल १८२७ ची विक्री नोंदलेली आहे, काडी दुमडलेल्या सँडपेपरमध्ये धरून ओढायची. त्याने पेटंट घेतलं नाही. १८३० मध्ये फ्रान्सच्या सोरियाने पांढरा फॉस्फरस घातला, काडी कुठेही घासली तरी पेटायला लागली, आणि जगभर खपली.

याची किंमत कारखान्यातल्या बायका-पोरींनी मोजली. पांढऱ्या फॉस्फरसची वाफ रोज नाकातोंडात गेली की आधी दाढ दुखायची, मग हिरडीला गळू, मग जबड्याचं हाड कुजायला लागायचं, वास इतका की घरचेसुद्धा जवळ बसू शकायचे नाहीत, आणि उपाय म्हणजे जबडा कापून काढणं. लंडनच्या ब्रायंट अँड मे कारखान्यात वरून दंड होते, उशीर झाला दंड, बोलली दंड, पाय घाण दंड. २३ जून १८८८ ला एका बाईने हे सगळं छापलं, मथळा होता 'लंडनमधली गोरी गुलामगिरी', आणि जुलैत सुमारे १,४०० जणी काम सोडून बाहेर पडल्या. मिळवलेल्या मागण्यांत एक होती, जेवायला वेगळी खोली. एवढंच. कारण तोवर त्या कामाच्याच जागी, फॉस्फरसच्या हाताने भाकरी मोडत होत्या. लेख लिहिणारी बाई म्हणजे अ‍ॅनी बेझंट. हो, त्याच, ज्या पाच वर्षांनी भारतात आल्या आणि १९१६ मध्ये टिळकांच्या होमरूल लीगनंतर काही महिन्यांत ज्यांनी आपली होमरूल लीग काढली. आपल्या शाळेच्या पुस्तकात हा काडेपेटीचा भाग येत नाही, यायला हवा.

खरी गोष्ट ही की उपाय तेव्हा कधीचाच सापडलेला होता. स्वीडनच्या पाशने १८४४ मध्ये युक्ती काढली की ज्वालाग्राही दोन गोष्टी एकत्र ठेवायच्याच नाहीत, फॉस्फरस पेटीच्या कडेला आणि बाकीचं काडीच्या गुलावर, आणि पुढे योनशॉपिंगच्या लुंडस्ट्रोम बंधूंनी बिनविषारी तांबड्या फॉस्फरसवर तिचा धंदा उभा केला. आजची आपली काडी तीच. गुलात पोटॅशियम क्लोरेट, कडेला तांबडा फॉस्फरस आणि काचेची पूड. ओढताना घर्षणाने तांबड्या फॉस्फरसचा अगदी कणभर भाग पांढऱ्यात बदलतो, पेटतो, क्लोरेट ऑक्सिजन पुरवतं आणि मग काडीला लावलेलं मेण धरतं. पण ही काडी थोडी महाग पडायची, म्हणून पांढरा फॉस्फरस चालूच राहिला, १९०६ मध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय करार होईपर्यंत.

आपल्याकडे काड्या आधी बाहेरूनच यायच्या, माचिस हा शब्द त्या मॅचेसचाच. आयातीवर जबर कर बसला तेव्हा स्वीडिश कंपनीने इथेच कारखाना काढायचं ठरवलं, १९२३ मध्ये विमको झाली आणि अंबरनाथला त्यांचा कारखाना उभा राहिला. त्याच सुमाराला शिवकाशीचे अय्या नाडार आणि षण्मुग नाडार कलकत्त्याला जाऊन काड्या करायला शिकून आले, आणि हाताने काड्या भरण्याचा तो सगळा उद्योग तमिळनाडूत पसरला, ज्यात पुढे कित्येक वर्षं लहान मुलं राबली. २००७ पासून १ रुपयाला असलेली पेटी १ डिसेंबर २०२१ ला २ रुपये झाली.

आणि जपलेला विस्तव? तो उदवाड्याला आहे, मुंबईहून गुजरातच्या गाडीने गेलात तर वापीच्या पुढे. पारशांचा पवित्र अग्नी, इराणशाह, १७४२ पासून तिथे तेवतोय, आणि परंपरा सांगते की तो पेटवला त्याआधी हजार वर्षांपूर्वी, संजाणला. मुंबईत असे चार आतश बेहराम, म्हणजे सगळ्यांत वरच्या दर्जाचे पवित्र अग्नी, आहेत, सगळ्यांत जुना दादीसेठांचा, १७८३ चा. पारशांशिवाय कुणाला आत जाता येत नाही, पण तो तयार कसा करतात हे वाचायला मिळतं. सोळा ठिकाणांहून विस्तव आणायचा, सोनाराचा, कुंभाराचा, लोहाराचा, भटारखान्याचा, चितेचासुद्धा, आणि एक वीज पडून लागलेल्या आगीचा. मग तो शुद्ध करायचा: भोकं असलेल्या पळीत चंदनाची पूड घेऊन ज्वालेच्या वर धरायची, ज्वालेला न टेकवता, नुसत्या धगीने ती पेटेपर्यंत. पेटली की त्या नव्या आगीवर पुन्हा पळी धरायची. चितेच्या विस्तवासाठी हे ९१ वेळा.