अन्नसाक्षरतेच्या मोजपट्ट्या कुठून आल्या?

अन्नसाक्षरता म्हणजे स्वतःचं जेवण नीट जमवण्याचं ज्ञान आणि कौशल्य. ती मोजण्यामागचा एक प्रवाह पोषणज्ञानाच्या प्रश्नावल्यांचा, आणि विद्यापीठातले विद्यार्थी व अशा प्रश्नावल्या यांचं नातं जुनं आहे. १९९९ मध्ये ब्रिटनमधल्या पार्मेंटर आणि वॉर्डल या संशोधकांनी पोषणज्ञान तपासणारी प्रश्नावली तयार केली. ती विश्वासार्ह आहे का, हे पाहण्यासाठी त्यांनी ती आहारशास्त्राच्या आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून सोडवून घेतली. आहारशास्त्रवाले पुढे निघाले आणि प्रश्नावली पास झाली. पण त्यांच्यापैकी कोण रात्री काय खात होतं, हे त्या गुणांवरून कळत नव्हतं.

दुसरा प्रवाह आरोग्यसाक्षरतेचा, म्हणजे आरोग्याविषयीची माहिती समजून ती वापरण्याच्या क्षमतेचा. २००० मध्ये सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक डॉन नटबीम यांनी तिचे तीन स्तर मांडले: वाचून समजणं, इतरांशी बोलून ती माहिती वापरणं आणि मिळालेल्या माहितीची चिकित्सा करणं. २००५ मध्ये अमेरिकेत रुग्णांसाठी एक झटपट चाचणी आली. आइस्क्रीमच्या डब्यावरचं पोषणलेबल दाखवायचं आणि त्यावर सहा प्रश्न विचारायचे. हिशेब येतो की नाही ते त्यातून चांगलं कळतं, पण स्वयंपाक येतो का, हा प्रश्नच त्यात नाही.

खरं वळण २०१४ चं. ऑस्ट्रेलियातल्या विजेन आणि गॅलेगोस या संशोधकांनी तज्ज्ञांसोबतच १६ ते २५ वयाच्या, स्वतःच्या जेवणाची सोय स्वतः करणाऱ्या तरुणांनाही विचारलं. त्यातले बरेच जण हलाखीत राहणारे होते. त्यातून अन्नसाक्षरतेचे अकरा घटक निघाले, चार गटांत: नियोजन, निवड, तयारी आणि प्रत्यक्ष खाणं. पैसे आणि वेळ कमी असताना जेवण कसं जमवायचं, हेही इथे कौशल्य ठरलं. घर सोडून नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याला हीच व्याख्या सगळ्यात जवळची वाटावी.

त्यानंतर मोजपट्ट्या आल्या. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बारा प्रश्नांची, तर नेदरलँड्समध्ये एकोणतीस विधानांची. दोन्ही प्रौढांसाठी घडवलेल्या, आणि दोन्हींत उत्तर देणारा स्वतःच स्वतःला जोखतो. मेसमध्ये जेवणाऱ्या, खरेदी आणि स्वयंपाक फारसा न करणाऱ्या मुलाने ‘आठवड्याचं नियोजन जमतं का?’ याला काय उत्तर द्यावं? तो कमी गुण घेतो, पण ते अज्ञानामुळे की चुलीपर्यंत पोचायची संधीच नसल्यामुळे, हे गुणांच्या बेरजेत दिसत नाही. उलट, ज्याने कधी कांदाही चिरलेला नाही, तो आत्मविश्वासाने ‘जमतं’वर खूण करू शकतो. प्रत्येकाला ओट्यापाशी उभं करून पाहणं हा उपाय आहे, पण शेकडो विद्यार्थ्यांसाठी तो फार महाग पडतो. प्रश्नावली वर्गात बसल्या बसल्या भरून होते, आणि अशा अभ्यासांत विद्यार्थी इतके का दिसतात, याचं निम्मं उत्तर मला तरी त्यातच दिसतं.