रनरमधला पेन्सिल सेल

गेल्या जूनमधली गोष्ट. वरळी सी-फेसवर पहिली दणदणीत सर आली आणि आतेभावाच्या जीपच्या कापडी हूडची मागची चेन अर्ध्यावर जी अडकली, ती हलेचना. मागच्या सीटवर तळं. सर ओसरल्यावर शेजारच्या गाडीतले काका उतरले, रुमालाने चेन कोरडी केली आणि खिशातून पेन्सिल काढली. "अरे, शिसपेन्सिल घास, लोण्यासारखी चालेल." चाललीही. दिवाळीच्या सुमारास मात्र त्याच चेनच्या रनरमध्ये, म्हणजे वर-खाली सरकवायच्या तुकड्यात, पांढरी भुकटी गच्च भरली होती आणि हूडवाल्याने पक्कड लावताच रनरचा एक कान तुटून त्याच्या हातात आला.

काकांचं चुकलं कुठे? पेन्सिल हा उपाय खोटा नाही, पण तो पँटच्या चेनचा आहे, जिला समुद्राचं खारं पाणी लागत नाही.

चेन अडकते तेव्हा आपण दातांना दोष देतो. हूडच्या चेनचे दात सहसा जाड प्लॅस्टिकचे असतात आणि त्यांना गंज चढत नाही. प्रत्येक दाताला एका बाजूला उंचवटा, दुसऱ्या बाजूला खळगा. १९१३ साली गिडियन सुंडबॅक या इंजिनिअरने ही रचना बसवली, तिचं मूळ तत्त्व आजही तेच आहे. रनरच्या आत इंग्रजी वाय अक्षरासारखी वाट असते. तिच्यातून जाताना दात किंचित तिरके होतात, एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात बसतो आणि बाहेर पडताना सरळ होऊन अडकून राहतात. म्हणजे सगळी करामत रनरच्या त्या अरुंद वाटेची. आणि रनर बहुतेक वेळा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो, वरून रंग किंवा मुलामा दिलेला. आतला मुलामा दात घासून घासून सर्वांत आधी जातो.

आता पेन्सिल. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट आणि चिकणमाती असते. ग्राफाइटमध्ये कार्बनचे अणू षटकोनी जाळीच्या पातळ थरांत मांडलेले असतात आणि थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून ते गुळगुळीत, असं शाळेत शिकवतात. एवढंच खरं असतं तर ग्राफाइट अवकाशातही उत्तम चाललं असतं. तिथे ते चालत नाही! दुसऱ्या महायुद्धात विमानं खूप उंचावर जाऊ लागली तेव्हा त्यांच्या जनित्रांतले कार्बनचे ब्रश काही तासांत झिजून भुगा होऊ लागले, कारण उंचावरची हवा कोरडी असते. थरांच्या कडांवरच्या कार्बन अणूंचे काही बंध मोकळे असतात. हवेतल्या बाष्पाचे रेणू तिथे बसले की कडा शांत होतात. बाष्प नसेल तर कडा समोरच्या पृष्ठभागाला धरतात, ओरबाडतात. या हिशेबाने मुंबईची दमट हवा ग्राफाइटला फारच मानवायला हवी, आणि वंगण म्हणून मानवतेच.

घोटाळा पुढे आहे. ग्राफाइट विजेचं वाहक आहे. टॉर्चचा साधा सेल फोडून पाहिलाय? बाहेर जस्ताची डबी, मधोमध कार्बनची कांडी, दोघांमध्ये खारट लगदा. आपल्या रनरमध्ये जस्त आहेच, पेन्सिलीने कार्बन आणून दिला. राहिलं खारं पाणी, ते समुद्र पुरवतो. समुद्राच्या पाण्यात जस्त आणि ग्राफाइट यांच्या विभवांतला (विजेच्या दाबातला) फरक एक व्होल्टहून जास्त भरतो. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून विरघळतो, ते इलेक्ट्रॉन ग्राफाइटच्या कणापर्यंत जातात आणि तिथे हवेतला ऑक्सिजन व पाणी ते घेऊन हायड्रॉक्सिल आयन बनवतात. ग्राफाइटचं काहीच जात नाही, झिजतं फक्त जस्त. त्याचे हायड्रॉक्साइड, कार्बोनेट, क्लोराइड मिळून पांढरी भुकटी होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि दातांची वाट बुजवते.

"पण पाऊस थांबला की चेन वाळते ना?" असं आतेभाऊ म्हणाला. पाणी वाळतं, मीठ राहतं. शुद्ध खाण्याचं मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाझरू लागतं. पावसाळ्यात मीठदाणीत तांदळाचे दाणे टाकावे लागतात त्यामागेही बहुतेक हेच असतं. मुंबईत आर्द्रता ३३ च्या खाली येते ती हिवाळ्यापासून मार्चपर्यंतच्या एखाद्या कोरड्या दुपारी. उरलेलं वर्षभर आपला सेल चालू.

गंमत म्हणजे याच जीपच्या बंपरला दर शनिवारी लिंबू-मिरची लागते. लिंबात जस्ताचा खिळा आणि तांब्याची तार खुपसून व्होल्टमीटर लावला तर काहीतरी दिसतं तरी. नजर लागण्यापासून गाडी वाचल्याचं अजून कोणत्याही मीटरवर दिसलेलं नाही. 'एक फवारा, सगळे प्रश्न मिटले' असं डब्यावर छापणारेही त्याच पंथातले. डब्ल्यूडी-४० या स्प्रेच्या नावातलं डब्ल्यूडी म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट', पाणी हटवणं, तो १९५३ साली त्यासाठीच बनवला होता. अडकलेला रनर सोडवायला ठीक, पण मागे तेलाचा पातळ थर राहतो आणि त्यावर रस्त्याची धूळ बसते. खोबरेल तेलाचंही तेच. तेलात मिसळलेली धूळ म्हणजे पॉलिश पेपरच.

मग करायचं काय? आधी मीठ घालवायचं. गोड्या पाण्यात साबणाचे दोन थेंब, जुना टूथब्रश, दातांवरून आणि रनरच्या तोंडातून फिरवायचा, मग स्वच्छ पाणी, मग पूर्ण वाळू द्यायचं. हे न करता वंगण लावलं तर मीठ आतच कोंडतं. त्यानंतर सिलिकॉनचा स्प्रे, तोही कापडावर मारून, आणि रनर चार-पाच वेळा वर-खाली. सिलिकॉन वीज वाहू देत नाही आणि त्याच्यावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन घरंगळतं. पावसाळ्यात हे महिन्यातून एकदा करावं. गाडी रंगवायला टाकणार असाल तर त्याआधी मात्र सिलिकॉन जवळही आणू नका, त्यावर रंग धरत नाही, फुटतो. मेणबत्ती पेन्सिलीपेक्षा बरी, पण मे महिन्यात काळ्या हूडवर मेण मऊ पडून तेही धूळ धरतं.

आणि चेन मागून उघडी पडत असेल तर रनरची फट रुंदावली आहे. पकडीने दोन्ही कान थोडे थोडे दाबायचे, एकदा इकडून, एकदा तिकडून. एका दमात दाबलं तर तो मोडतो; गंजलेला असेल तर नक्कीच. नवीन आणायचा तर जुन्याच्या पाठीवरचा आकडा पाहून न्या, हूडच्या चेनला बहुतेक १० असतो. अख्खी चेन उसवायची गरज सहसा पडत नाही, हूडवाला काहीही म्हणो.