क्वेबेकचे फ्रेंच आणि अकादीचे फ्रेंच

फ्रान्समधल्या कुठल्याही चौकात लाल अष्टकोनी पाटीवर चक्क इंग्रजी 'स्टॉप' लिहिलेलं असतं, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात त्याच पाटीवर 'आरे' हा फ्रेंच शब्द दिसतो. (मराठी कानाला तो 'अरे!' असाच ऐकू येतो. गाडी थांबवायला तेही पुरेसं आहे.) क्वेबेक ओलांडून पूर्वेला न्यू ब्रन्सविक प्रांतात शिरलात की पाटीवर दोन्ही शब्द येतात. तिथेही फ्रेंच बोलणारे आहेत, प्रांताच्या लोकसंख्येच्या साधारण तिसरा हिस्सा. पण 'तुम्ही मूळचे क्वेबेकचे का?' असं त्यांना विचारू नका. ते अकादियन. भाषा फ्रेंच, चर्च कॅथलिक, वर राज्य इंग्रजांचं, एवढ्यावरून दोघांना एकाच खात्यात टाकायचा मोह होतो. पण एकाचं राज्य हरलं आणि दुसऱ्याचं घर गेलं, हा फरक त्यात पुसला जातो.

वयाने अकादीच थोरली. पोर्ट रॉयलची वसाहत १६०५ ची, क्वेबेक शहर १६०८ चं. अकादी म्हणजे आजच्या नोव्हा स्कोशिया आणि आसपासचा किनारा. फंडीच्या उपसागरात भरतीचं पाणी जगात सर्वाधिक चढतं. तिथल्या खाऱ्या दलदलीतून अकादियन शेतकऱ्यांनी जमीन काढली. मातीचा बांध घालायचा, त्याच्या पोटात लाकडी मोरी बसवायची आणि मोरीला बिजागरीवर झुलणारी एक झडप लावायची. ओहोटीला आतलं गोडं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. भरती आली की समुद्रच ती दाबून बंद करतो. पावसाने दोन-तीन वर्षांत मीठ धुऊन गेलं की जमीन पिकाला तयार. याला ते 'आब्वातो' म्हणत. रायगडच्या खारेपाटातली उघाडी किंवा गोव्याच्या खाजणातलं मानस ज्यांनी पाहिलंय, त्यांना अधिक सांगायला नको. असा बांध एकट्याच्याने होत नाही, राखलाही जात नाही. गावाने मिळून बांधायचा आणि गावाने मिळून डोळ्यांत तेल घालून जपायचा.

१७१३ च्या युट्रेक्टच्या तहात हा मुलूख इंग्रजांकडे गेला. अकादियन म्हणाले, राजाशी निष्ठेची शपथ घेतो, पण फ्रान्सविरुद्ध हत्यार उचलणार नाही. १७३० च्या सुमारास इंग्रजांनी हे तोंडी चालवून घेतलं आणि या लोकांना 'तटस्थ फ्रेंच' असं नावही पडलं. पुढे फ्रान्सशी पुन्हा युद्ध पेटायची चिन्हं दिसली, तेव्हा बिनशर्त शपथ मागण्यात आली आणि त्यांनी ती नाकारली. ५ सप्टेंबर १७५५ रोजी ग्राँ-प्रे गावात कर्नल विन्स्लोने दहा वर्षांवरच्या सगळ्या मुलांना आणि पुरुषांना चर्चमध्ये बोलावलं. दारं बंद झाली आणि हुकूम वाचला गेला: जमीन, घरं, गुरं सरकारजमा, तुम्हाला इथून हलवण्यात येईल. पुढच्या आठ वर्षांत सुमारे १० हजार माणसं जहाजांत भरून मॅसॅच्युसेट्सपासून जॉर्जियापर्यंतच्या वसाहतींत, इंग्लंडमध्ये, फ्रान्समध्ये पाठवली गेली. कितीतरी वाटेत आणि छावण्यांत रोगराईने गेली. काही फिरत फिरत लुइझियानाला पोचली. तिथले 'केजन' म्हणजे 'अकादियन' याच शब्दाचं झिजलेलं रूप.

एक तपशील मला विसरता येत नाही. १७५९ च्या शेवटी मोठ्या वादळात ते बांध फुटले. रिकाम्या जमिनींवर न्यू इंग्लंडहून आणलेल्या नव्या शेतकऱ्यांना बांधाची विद्या येत नव्हती. मग इंग्रजांच्या कैदेत असलेल्या अकादियनांनाच दुरुस्तीच्या कामाला लावलं. आपलेच बांध, दुसऱ्याच्या शेतासाठी.

क्वेबेकची कथा याच युद्धाची, पण ती वेगळ्या वाटेने गेली. १३ सप्टेंबर १७५९ ला क्वेबेक शहराबाहेरच्या माळावर अर्ध्या तासाच्या आत लढाई संपली आणि १७६३ च्या पॅरिसच्या तहात फ्रान्सने इथलं राज्य सोडून दिलं. (हे सप्तवार्षिक युद्ध आपल्याकडेही लढलं गेलं. आपण पानिपतावर हरलो त्याच आठवड्यात इंग्रजांनी फ्रेंचांचं पाँडिचेरी घेतलं. पॅरिसच्याच तहात ते फ्रेंचांना परत मिळालं. कॅनडा मिळाला नाही.) पण क्वेबेकचे साठ-सत्तर हजार लोक आपापल्या शेतांवरच राहिले. त्यांना कुणी जहाजात चढवलं नाही. उलट १७७४ च्या कायद्याने त्यांचा धर्म आणि फ्रेंच दिवाणी कायदा शाबूत ठेवला. दक्षिणेकडच्या वसाहती अस्वस्थ असताना उत्तरेत आणखी एक बंड परवडणारं नव्हतं.

इथून दोघांच्या आठवणी वेगळ्या झाल्या. क्वेबेकवाल्याच्या पायाखाली जमीन होती, बहुमत होतं, पुढे प्रांत आणि विधानसभाही होती. मालकी मात्र दुसऱ्याची. त्यामुळे त्याचं राजकारण 'हे घर आमचं आहे' यावर उभं राहिलं. १९६० नंतर लिबरल पक्षाने 'आमच्या घरात आम्ही मालक' ही घोषणाच दिली आणि वीज कंपन्या प्रांताच्या ताब्यात घेतल्या. १९७७ च्या भाषा कायद्याने दुकानाच्या पाटीपासून शाळेपर्यंत फ्रेंच सक्तीची केली. माँट्रियलला कायमची स्थायिक होणारी मराठी कुटुंबं याच कायद्यापायी मुलांना फ्रेंच सरकारी शाळेत घालतात. १९७८ पासून गाड्यांच्या नंबर प्लेटवर 'मला आठवतं' हे वाक्य आलं. नेमकं काय आठवतं, यावर तिथे अजून वाद घालता येतो.

अकादियनांना १७६४ नंतर परतायची मुभा मिळाली, पण विखरून राहण्याच्या अटीवर. सुपीक जमिनी गेलेल्या. मग किनाऱ्याच्या खडकाळ पट्ट्यांवर, न्यू ब्रन्सविकच्या उत्तर-पूर्वेला, नोव्हा स्कोशियाच्या टोकांना वस्त्या झाल्या आणि बांध घालणारे शेतकरी मासेमार झाले. आज नकाशावर बोट ठेवून 'ही अकादी' असं दाखवता येत नाही. तिला ना राजधानी, ना सरकार.

मग राष्ट्र उरलं कशात? बरंचसं नावांत. मूळ घराणी मोजकीच, त्यामुळे लब्लाँ, कॉर्मिए, आर्सनो हीच आडनावं गावोगाव. माणूस ओळखायचा तर बाप-आजा लावून: 'जाँचा पॉल, पॉलचा पियेर'. कोकणात सगळी वाडी एकाच आडनावाची असली की आपलंही हेच होतं. बाकीचं राष्ट्र सणात आहे. १८८१ साली मेमरामकूकला पहिलं मोठं अकादियन संमेलन भरलं. राष्ट्रीय दिवस कुठला, यावर तिथे बरीच चर्चा झाली. क्वेबेकवाल्यांचा २४ जून आयता होता. त्यांच्याबरोबर राहिलो तर बळ मिळेल, असं म्हणणारे होतेच. शेवटी निवडला तो १५ ऑगस्ट, मेरीचा सण. आम्ही तुमची शाखा नाही, हे त्यांनी क्वेबेकला सांगितलं ते असं, भांडण न करता. तीन वर्षांनी झेंडा ठरला: फ्रान्सचा तिरंगा आणि निळ्या पट्टीत मेरीचा सोनेरी तारा. गंमत अशी, की तो तिरंगा फ्रेंच राज्यक्रांतीचा, चर्चशी उभा दावा मांडणारा. अकादी तर त्याच्या कितीतरी आधी फ्रान्सपासून तुटलेली. क्वेबेकचा १९४८ चा झेंडा याच्या उलट: पांढरा क्रूस आणि राजाच्या लिलीची फुलं, क्रांतीचा मागमूस नाही.

आजही १५ ऑगस्टला लोक भांडी, शिट्ट्या, भोंगे घेऊन रस्त्यावर उतरतात आणि कान किटेपर्यंत गोंगाट करतात. याला 'तँतामार' म्हणतात. काराकेत गावात तो सुरू होतो संध्याकाळी १७ वाजून ५५ मिनिटांनी.

राजकारणात हा फरक स्पष्ट दिसतो. क्वेबेकने फुटून निघण्यावर दोनदा सार्वमत घेतलं. १९९५ मध्ये फुटणाऱ्यांना ४९.४ टक्के मतं पडली. अकादियनांना मात्र त्या निकालाची धास्ती होती, कारण क्वेबेक गेला तर उरलेल्या कॅनडात फ्रेंचला विचारणार कोण? त्यांची वाट प्रांताशी जमवून घेण्याची. १९६० मध्ये लुई रोबिशो हा न्यू ब्रन्सविकमध्ये निवडून आलेला पहिला अकादियन मुख्यमंत्री झाला. माँक्टनला फ्रेंच विद्यापीठ निघालं, १९६९ मध्ये दोन्ही भाषा राजभाषा झाल्या आणि पुढे ही समानता राज्यघटनेत गेली. कॅनडात अधिकृतपणे द्विभाषिक असलेला हा एकच प्रांत. क्वेबेकमधल्या काही जणांना हे मिळमिळीत वाटतं, माँक्टनच्या पोरांची इंग्रजीमिश्रित 'शियाक' बोली तर त्याहून. मला ते अन्यायाचं वाटतं. बहुमत हाताशी असताना भाषा शुद्ध ठेवणं सोपं असतं.

आता ही वाटणी जिथे विस्कटते तेही सांगायला हवं. सेंट लॉरेन्सच्या आखातात मादलेन बेटं आहेत. प्रांत क्वेबेक, नंबर प्लेटवर 'मला आठवतं', आणि वस्ती बहुतांशी अकादियनांच्या वंशजांची. तिथल्या घरांवर सोनेरी ताऱ्याचा झेंडा लागतो.