हरणांचा वावर आणि शिकारीचा हंगाम (विदर्भ)

विदर्भातील हरणे वर्षभरात चरण्याची, पाण्याची आणि विसाव्याची जागा व वेळ बदलत राहतात. या बदलांचा शिकारीच्या काळाशी जो संबंध जोडला जातो, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. बोलीभाषेत ‘हरीण’ या एका शब्दात दोन वेगळी कुळे येतात. चितळ, सांबर आणि भेकर (पूर्व विदर्भात भेडकी) ही खरी मृगकुळातली जनावरे असून त्यांच्या नरांची शिंगे दरवर्षी गळतात आणि नवी फुटतात. काळवीट, चिंकारा, चौसिंगा आणि रोही म्हणजे नीलगाय ही गाई-बकऱ्यांच्या कुळातली. त्यांची शिंगे जन्मभर टिकतात. शेत तुडवले गेले की शेतकरी हा भेद करत बसत नाही, म्हणून इथेही सगळ्यांचा एकत्र विचार केला आहे.

हंगाम जवळ आला की जनावर सावध होते, वाटा बदलते, दिसेनासे होते, असा समज शिकारीच्या गप्पांत जगभर आढळतो. तो अर्धाच खरा आहे. हरणाला पंचांग कळत नाही. हंगामाच्या आधी त्याच्या वावरात जो बदल दिसतो तो चारा, पाणी आणि माजाचा (मीलनाचा) काळ यांमुळे होतो. माणसाच्या भीतीने होणारा बदल पहिला बार झाल्यावर किंवा पहिली कुत्री मागे लागल्यावर सुरू होतो. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार शरद ऋतूत कायदेशीरपणे चालते. तिथे याच सुमारास नरांच्या शिंगांवरची मऊ कातडी झडते, उन्हाळाभर एकत्र राहिलेले नर पांगतात, ओकची फळे गळू लागतात आणि मक्याची शेते कापली जातात. कालपर्यंत ठरावीक बांधावर दिसणारा नर आज तिथे नसतो, आणि शिकाऱ्याला वाटते की त्याने आपल्याला ओळखले. विदर्भात तर नाते उलटेच आहे. इथे हरीण कधी आणि कुठे हमखास सापडेल हे पाहूनच माणसाने शिकारीचा हंगाम ठरवला.

उन्हाळा

तो हंगाम म्हणजे मुख्यतः उन्हाळा. होळीपर्यंत सागाची पाने गळून जातात, गवत वाळते किंवा जळते, आणि जिथे दहा पावलांवरचे दिसत नव्हते तिथे शंभर पावलांवरचे चितळ दिसू लागते. नाले आटतात, फक्त डोह आणि वाळूतले झिरे उरतात. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर या पट्ट्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. चितळाला या दिवसांत रोज पाणी लागते, त्यामुळे कळप पाण्यापासून फार दूर जात नाही. पावसाळ्यात कितीतरी मोठ्या मुलखात विखुरलेली जनावरे मे महिन्यात मोजक्या पाणवठ्यांभोवती गोळा होतात. चिंकारा बरेच दिवस पाण्यावाचून काढू शकतो. चौसिंगा मात्र पाण्याची सोबत सोडत नाही, आणि लेंड्यासुद्धा पुन्हा पुन्हा त्याच जागी टाकतो. हा ठरलेपणाच त्याला भोवतो.

पूर्व विदर्भात याला तलावांची जोड आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत जुने मालगुजारी तलाव (लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’) आणि बोड्या (लहान तळी) आहेत. पाणी हटत जाते तसे पोटातल्या ओल्या जमिनीवर हिरवे गवत उगवते. जंगलात काडीही हिरवी नसते तेव्हा ही गवताची कड चितळांना ओढून आणते, आणि गावची ढोरेही तिथेच येतात.

मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. फुले रात्रीपासून पहाटेपर्यंत पडतात. चितळ, भेकर, सांबर आणि अस्वल अशी सगळीच जनावरे उजाडायच्या आत झाडाखाली येतात, आणि टोपली घेऊन माणूसही त्याच वेळी येतो. एका झाडाच्या सावलीत वेळेची इतकी ओढाताण दुसऱ्या कोणत्या ऋतूत होत नाही. फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, ती आग कधी कधी जंगलात शिरते. जळालेल्या जागी काही दिवसांनी कोवळे कोंब फुटतात आणि कळप तिकडे सरकतो. गवत पेटवून हरीण आणण्याची जुनी युक्ती यातूनच निघाली असावी. लगेच तेंदूपानांचा हंगाम येतो आणि सकाळभर जंगलात माणसांची वर्दळ राहते.

चितळांच्या माजाचा जोर याच सुमारास असतो. नर टणक शिंगांनिशी, घसा ताणून ओरडत, एका कळपातून दुसऱ्या कळपात फिरतात. एरवी दबकून राहणारा जाणता नर या दिवसांत भर उघड्यावर येतो, आणि शिंगांच्या हौशीखातर येणाऱ्या शिकाऱ्याला हेच हवे असे. सांबराचे चक्र वेगळे आहे. त्याचा माज हिवाळ्यात असतो आणि उन्हाळ्यात बहुतेक नरांची शिंगे गळून गेलेली असतात. मेळघाटच्या डोंगरउतारांवर सांबर दिवस दाट सावलीत काढते, अंधार पडल्यावर खाली पाण्यावर येते आणि पहाटेपूर्वी पुन्हा चढून जाते.

कायद्यातला हंगाम

इंग्रजी अमलात मध्य प्रांत व वऱ्हाडातली राखीव जंगले शिकारीसाठी ब्लॉकमध्ये वाटलेली असत आणि परवाना घेऊन ठरावीक मुदतीसाठी ब्लॉक मिळे. 1912 च्या वन्यपक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने प्रांतांना ‘बंद काळ’ (शिकारबंदीचे दिवस) जाहीर करण्याचा अधिकार दिला. ताडोब्यात 1935 मध्ये शिकार बंद झाली आणि 1955 मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. गावांची स्वतःची पारध याहून जुनी. हाका घालून जनावर ठरलेल्या खिंडीकडे काढणे, फासे लावणे, पेरणीपूर्वी गावाने मिळून जंगलात उतरणे, या रीती परवान्याच्या कागदावर कधी आल्याच नाहीत.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा मूळ मजकूर या विषयात फार बोलका आहे. काळविटासारख्या जनावरांच्या शिकारीला त्यात बंदी होती, पण काहींसाठी परवान्याची सोय आणि बंद काळ ठेवलेला होता. परवानेधारकाने काय करू नये याची यादीही होती : रात्री शिकार करू नये, वाहनातून करू नये, गवत पेटवू नये, फासे-खड्डे-विष वापरू नये, आणि मिठाच्या चाटणीवर, पाणवठ्यावर किंवा तिकडे जाणाऱ्या वाटेवर दबा धरू नये. ही यादी उलटी वाचली तर उन्हाळ्यातल्या हरणाच्या दिनक्रमाचे वर्णन मिळते. 1991 च्या दुरुस्तीने परवान्याची ही सारी व्यवस्था काढून टाकली. त्यामुळे आज विदर्भात शिकारीचा हंगाम कायद्याने अस्तित्वात नाही. पिकांचे नुकसान करणाऱ्या रोही व रानडुकराबाबत ठरावीक अटींवर परवानगी मिळू शकते, ती वेगळी बाब आहे.

मृग नक्षत्र 7 जूनच्या सुमारास लागते. आकाशातल्या मृगाच्या पोटात बाण रुतलेला आणि मागे व्याधाचा तारा उभा, ही गोष्ट खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असते. जमिनीवर मात्र नेमका याच नक्षत्रावर व्याधाचा धंदा बसे. पाऊस पडला की जागोजाग पाणी साचते, गवत वाढते, पाणवठ्याची वाट ओस पडते.

पीक आणि जागल

पावसाळ्यात चितळांचे कळप मोकळ्या गवतावर मोठे होतात. ताडोब्यातील नवेगाव, जामणी या पुनर्वसित गावांच्या जुन्या शेतजमिनींवर आज अशी कुरणे आहेत. जंगलाबाहेर याच वेळी सोयाबीन उगवते आणि रोही वावरात (शेतात) शिरतो. खरी ओढ दिवाळीनंतर सुरू होते. जंगलातले गवत जून झालेले असते आणि शेतात हरभरा कोवळा असतो, तूर शेंगेवर आलेली असते. रोही, चितळ आणि रानडुक्कर दिवस झुडपी जंगलात किंवा नाल्याकाठी काढतात आणि रात्री धुरा (बांध) ओलांडतात. पश्चिमेकडे वाशीम, अकोला, बुलढाण्याच्या उघड्या माळांवर काळविटाला लपण्याची सोय नाही, त्याची भिस्त नजरेवर आणि वेगावर. तो दिवसाही हरभऱ्यात दिसतो. वाशीम जिल्ह्यातले कारंजा-सोहोळ अभयारण्य याच काळविटासाठी 2000 मध्ये झाले, पण त्याच्या चरण्याची हद्द अभयारण्याच्या खांबांपाशी थांबत नाही.

यावर उपाय म्हणजे जागल. शेतकरी मचाणावर रात्र काढतो, डबा वाजवतो, बॅटरीचा झोत फिरवतो, फटाके फोडतो. हरणे आठवड्याभरात हे शिकतात : जागल असलेले वावर टाळून शेजारच्या वावरात जातात, किंवा जागल्याला डुलकी लागण्याच्या वेळी येतात. आता कुंपणाच्या तारेला जोडायची सौर ‘झटका मशीन’ आली आहे. तिचा धक्का घाबरवण्यापुरता असतो. कुंपणात थेट वीज सोडणे हा मात्र गुन्हा आहे, आणि त्यात हरणांबरोबर वाघही मेले आहेत आणि माणसेही.

भीतीने होणारा बदल

माणसाचा त्रास वाढला की हरीण तीन गोष्टी करते. उघडी जागा सोडते, दिवसाचा वावर रात्रीकडे ढकलते आणि लांबूनच पळते. ताडोब्याच्या गाभ्यात सफारीच्या जिप्सीपासून काही हातांवर चरत राहणारे चितळ आणि गावालगतच्या जंगलात सायकलची चाहूल लागताच उधळणारे चितळ एकाच जातीचे आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा खंडांतील 62 सस्तन प्रजातींच्या नोंदी एकत्र तपासल्या होत्या. माणसाचा वावर असलेल्या ठिकाणी त्यांचे रात्री फिरणे सरासरी 1.36 पट झाले होते. बंदूक घेऊन आलेला माणूस आणि नुसता फिरायला आलेला माणूस यांच्या परिणामात फारसा फरक दिसला नाही, हे त्यातले विशेष.

विदर्भात यात आणखी एक पदर आहे. इथे वाघ, बिबट आणि रानकुत्रीही आहेत. रात्र माणसापासून सुरक्षित असली तरी वाघापासून नाही. म्हणून गावाजवळचे चितळ कधी कधी मुद्दाम वस्तीच्या उजेडालगत बसते. वानरांची सोबत हा दिवसाचा आधार : ती झाडावरून पाला-फळे टाकतात आणि धोका दिसताच खेकसतात. रात्री वानर झोपलेले असते, तेव्हा चितळ स्वतःच्या कानांवर आणि सांबराच्या ‘पोंक’ अशा हाकेवर विसंबते.

चोरटी शिकार आजही जुन्याच वेळापत्रकाने चालते : उन्हाळ्यात पाणवठ्यावर आणि हिवाळ्यात पिकाच्या वाटेवर. वन विभागाची उन्हाळी गस्त म्हणूनच पाणवठ्यांभोवती घट्ट होते. कोरड्या पट्ट्यात टँकरने किंवा सौरपंपाने भरलेले कृत्रिम पाणवठे केले जातात. त्यामुळे कळप पसरतात, पण प्रत्येक नव्या पाणवठ्याबरोबर राखायची एक जागाही वाढते.

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वन्यजीवप्रेमी आणि वनरक्षक पाणवठ्याकाठच्या मचाणांवर बसून येणारी जनावरे टिपून ठेवतात. दुपार कलल्यावर चितळ येतात, अंधार पडल्यावर सांबर, मध्येच एखादे एकटे भेकर. मोजणीच्या आधी अवकाळी पाऊस पडला तर दगडांच्या खळग्यांतही पाणी साचते, जनावर पाणवठ्याकडे फिरकत नाही, आणि मचाणावरची वही सकाळी जवळजवळ कोरी उतरते.